सात नंबरची पेटी ऐकते

सोळा जुलैला, मंगळवारी, दुपारी सव्वादोन वाजता सात नंबरच्या पेटीची बॅटरी संपली. चौदा महिन्यांत दुसऱ्यांदा. बाकीच्या दहा पेट्या गेल्या वर्षी मे महिन्यात घातलेल्या बॅटरीवर अजून चालत होत्या.

सारी-दोबो गावाला हे संध्याकाळपर्यंत कळलं, कारण शाळेच्या छपरावर भोंग्याखाली जो हिरवा दिवा असतो तो जाऊन पिवळा लागला. पिवळा म्हणजे वरच्या तळ्याची खबर दोन-तीन तास आलेली नाही. तळं गावापासून चौदा किलोमीटर वर, हिमनदीच्या पायथ्याशी, नुसत्या दगडमातीच्या बांधामागे साठलेलं आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी तो बांध एकदा फुटला तेव्हा जुना पूल आणि अकरा घरं गेली. आता तळ्यापासून शाळेपर्यंत ओढ्याच्या काठाने अकरा पेट्या आहेत, लोखंडी खांबांवर बसवलेल्या, पावाच्या लादीएवढ्या. प्रत्येक पेटीची ओळख फक्त वरच्या आणि खालच्या शेजारणीशी. अकरा नंबर दहाला सांगते, दहा नऊला, असं करत खबर शाळेवर पोचते. सात नंबर गप्प झाली की तिच्या वरच्या चार पेट्या असून नसल्यासारख्या.

या पेट्यांची किल्ली बुरुलचाकडे असते. वय सेहेचाळीस, नवरा रशियात बांधकामावर. दर पंधरवड्याला ती घोड्यावरून वर जाते, पेट्या पुसते, खांब हलला असेल तर दगड ठोकते. किल्ली दोरीत ओवून गळ्यात.

सहा वाजता शहरातून इंजिनिअरचा फोन आला. एलामान त्याचं नाव, तिशीचा, बोलायला मऊ. बुरुलचाला तो एजे, म्हणजे ताई, म्हणे.

"एजे, मागची बॅटरी कुठली होती?"

"तुम्ही पाठवलेली. तुमच्या सहीची चिठ्ठी होती वर. ठेवलीय डब्यात."

"पंधरा महिने चालायला हवी. चारच महिन्यांत कशी संपली?"

"ते तुम्ही मला सांगायचं. मी फक्त किल्ली फिरवते."

त्याने आवाज आणखी मऊ केला. "एजे, ही बॅटरी शिकाऱ्यांच्या दिव्यात बसते. बाजारात तिला गिऱ्हाईक आहे. मी तुम्हाला काही म्हणत नाही."

"मग हे कुणाला सांगताय?"

"शनिवारी येतो. शाळेत सभा ठेवा असं कालमुरात कारभाऱ्यांना सांगितलंय. येताना किल्ली आणा."

बुरुलचाने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नळावर गेली तेव्हा बायका बोलायच्या थांबल्या. एकीने मात्र घागर खांद्यावर घेता घेता विचारलंच, "काय गं, तुझ्या भावाने वसंतात नवा दिवा घेतला म्हणे. झाडावरचं घुबड मोजता येईल एवढा उजेड पडतो म्हणे त्याचा."

"मोज ना तू. नवऱ्याला मोजायला लागण्यापेक्षा बरं," बुरुलचा म्हणाली. बायका हसल्या, पण ओठांच्या टोकांनीच. दिव्याची गोष्ट खरी होती. भावाने तो स्वतःचं एक कोकरू देऊन घेतला होता. पण हे एकेकीला सांगत सुटणं म्हणजे चोरी कबूल केल्यासारखंच दिसलं असतं.

या पेट्यांविषयी गावात संशय होता तो बॅटरीच्याही आधीपासून, आणि त्याला कारण एक शब्द. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात नव्या बॅटऱ्या घालताना एलामानने शाळेत सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. तो म्हणाला, पेटीला बोलायला फार खर्च येत नाही, ती बोलते कितीसं? तिची सगळी ताकद जाते ती ऐकत बसण्यात. शेजारची पेटी कधी हाक मारेल ते माहीत नसतं, म्हणून ती सारखी ऐकत बसते. म्हणून आम्ही तिला झोपवतो. दोन मिनिटांनी एकदा जागी होते, पापणी लवेल इतका वेळ ऐकते, काही नसलं की पुन्हा झोप. दिवसभराचं सगळं जागरण मिळून सात मिनिटं.

ऐकण्यासाठी त्याने जो शब्द वापरला तो 'तिंशोओ'. आमच्याकडे कान देऊन ऐकायला हाच शब्द आहे आणि चोरून ऐकायलाही हाच. हेराचा शब्दही त्याच मुळातून निघालेला. शहरात वाढलेल्या एलामानच्या ते ध्यानात आलं नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "आणि आम्ही बोललेलं?" सगळे हसले. एलामानही हसला आणि पुढच्या मुद्द्याला लागला. त्याने उत्तर दिलं नाही, हे त्या दिवशी बऱ्याच जणांनी लक्षात ठेवलं.

नंतर तीनच आठवड्यांनी गुरांच्या डॉक्टरची माणसं वरच्या कुरणावर येऊन एका मेंढपाळाच्या तळावरच्या आजारी मेंढ्यांची चौकशी करू लागली. त्या मेंढ्यांविषयी कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं. डॉक्टरला ही बातमी दूध नेणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने दिली होती, पण ते कळायला शरद उजाडला. तोवर पेटी ऐकते हे वरच्या कुरणावर ठरून गेलं होतं. लोक खांबाजवळून जाताना हवापाण्याच्या गप्पा मारत. एक म्हातारी तर पेटीला मोठ्याने सलाम करून जाई, न जाणो.

बुधवारी दहाच्या सुमारास बुरुलचा सात नंबरपाशी पोचली. ही पेटी कुरणाच्या मध्यावर आहे. आजूबाजूला हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर तीन तळ. तळ म्हणजे उन्हाळ्यापुरता लोकरीच्या नमद्याचा तंबू, घोडी बांधायची दोरी आणि दगडी मेंढवाडा. तिन्ही तळांवर तिच्या नवऱ्याचे थोरले चुलत भाऊ राहतात. सुनेने सासरच्या थोरल्या पुरुषांचं नाव उच्चारायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. बुरुलचा त्यांना घोडेवाले आके, लोहार आके आणि वरचे आके म्हणे. वरचे आके म्हणजे आशिरबाय. त्याचा मेंढवाडा पेटीपासून सर्वांत जवळ, पन्नास पावलांवर.

तिने जवळ राखीव ठेवलेली नवी बॅटरी घातली. खाली शाळेवर दिवा हिरवा झाला असेल असा अंदाज घेतला आणि पेटीला वायर जोडून टॅबवर नोंद उतरवून घेतली. पेट्या शहरात पाठवतात तो दिवसाचा एकच आकडा: पाणी किती, बॅटरी किती, बस्स. पाठवायला खर्च येतो. लिहून ठेवायला जवळपास काहीच नाही. म्हणून मिनिटामिनिटाचा हिशेब पेटीच्या पोटातच राहतो, आठ आठवड्यांचा, आणि तो वायर लावल्याशिवाय कोणाला दिसत नाही. आजवर तो कोणी मागितलाही नव्हता.

बुरुलचा दगडावर बसून वाचू लागली. एकवीस मेपासून सगळं सुरळीत. अठ्ठावीस मेला संध्याकाळी सात दहाला सात नंबरने सहा नंबरला हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली, जास्त जोर लावून. पुन्हा. आठ वेळा मारून झाल्यावर ती उत्तराची वाट बघत जागीच राहिली, आणि मिनिटभराने पुन्हा आठ हाका. सात एकवीसला एकदम सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पाच-सात मिनिटं इकडेतिकडे. रोज. संध्याकाळी अकरा मिनिटं पेटी बहिरी आणि मुकी, आणि त्या अकरा मिनिटांत ती दिवसभराच्या पाचपटीहून जास्त ताकद घालवत होती.

चोवीस जूनपासून ही अकरा मिनिटं एकोणीस झाली होती.

पेटी आपोआप बिघडली असती तर घड्याळ लावून बिघडली नसती. हे माणसाचं काम होतं. कोणत्या माणसाचं, तेही नोंदीतच होतं, शोधलं तर. आठ आणि नऊ जुलैच्या संध्याकाळी काहीही झालेलं नव्हतं. त्या दोन दिवशी वरचे आके गावात होते, मेहुणा वारल्याला वर्ष झालं त्याच्या जेवणाला. बुरुलचानेच त्या घरी बसून दोन पराती पिठाचे बोरसोक तळले होते.

ती खाली गेली नाही. घोडा ओढ्यापलीकडे बांधून ती संध्याकाळी समोरच्या चढावर, एका मोठ्या दगडाआड बसली. पाळत ठेवायची ही तिची पहिलीच वेळ. सात वाजून सहा मिनिटांनी आशिरबायची बायको कानिशाय तंबूतून बाहेर आली. हातात दूध काढायची जस्ताची बादली. ती इकडेतिकडे बघत खांबापाशी गेली, बादली उपडी करून पेटीवर घातली, अगदी खांबापर्यंत खाली ओढली आणि वर हात करून खूण केली. मग आशिरबायने वाड्याचं फाटक उघडलं. मेंढ्या एकेक करून आत जाऊ लागल्या आणि तो मोजू लागला.

आशिरबाय मोठ्याने मोजतो. त्याचे वडीलही तसेच मोजत. मनात मोजलं तर चुकतं असं त्याचं म्हणणं, आणि त्याचा आवाज खोऱ्याच्या पलीकडे जातो. बुरुलचाला मोजणी शब्दन् शब्द ऐकू येत होती. शेवटचा आकडा पाचशे बारा. तिने घड्याळ पाहिलं. एकोणीस मिनिटं.

कालमुरातच्या कुरण समितीने प्रत्येक तळाला तीनशेची मर्यादा घातली आहे. जास्त सापडल्या तर पुढच्या वर्षी तळ दुसऱ्याला. आशिरबायने चोवीस जूनला कोणाच्या तरी, बहुधा पलीकडच्या खोऱ्यातल्या सोयऱ्यांच्या, दोनशे मेंढ्या आपल्यात घेतल्या होत्या.

पेटीने यातलं काही ऐकलं नव्हतं. ऐकलं होतं ते बुरुलचाने.

ती उठली आणि सरळ खाली चालत गेली. कानिशायने तिला पाहिलं तेव्हा बादली अजून पेटीवरच होती. तिने ती काढून पाठीमागे धरली. एवढी मोठी बादली पाठीमागे मावत नव्हती.

"ये, ये," कानिशाय म्हणाली. "अगं, या वेळेला? चहा टाकते."

"बादली खाली ठेवा आधी, हात दुखेल."

आशिरबाय वाड्याचं फाटक लावून आला. साठीचा, रुंद, पाय घोड्यावर बसून वाकलेले. त्याने समोरच्या चढाकडे पाहिलं, ओढ्यापलीकडचा घोडा पाहिला.

"किती वेळ बसली होतीस वर, सुनबाई?"

"एकोणीस मिनिटं, आके."

त्याने बायकोला तंबूकडे खूण केली. चहा आला. घोडीच्या दुधाचा आंबवलेला कुमिसही आला, कोणी हात लावला नाही.

"कोणी पाठवलं तुला? कालमुरातने?"

"कोणी नाही. बॅटरी संपली म्हणून आले. शनिवारी मला चोर ठरवणार आहेत. तुम्हाला ठाऊक असेलच."

"ऐकलं."

"ती माणसांचं ऐकत नाही, आके. तिला तुमचं पाचशे बारा काय आणि कोल्ह्याची कोल्हेकुई काय, सारखंच. तिला फक्त सहा नंबर आणि आठ नंबर ऐकू येतात. तुम्ही वर बादली घालता, तिला शेजारीण सापडत नाही. मग ती ओरडत सुटते, जागी राहते. त्यात मरते ती."

"लेकाची झोपत का नाही मग? झोपवली म्हणाला होता ना तो शहरातला?"

"उत्तर आलं तर झोपेल."

"आमच्या सासूबाईंसारखीच आहे म्हणायची," कानिशाय म्हणाली. आशिरबायने तिच्याकडे पाहिलं आणि ती गप्प बसली.

"तो इंजिनिअर स्वतःच्या तोंडाने म्हणाला होता, ती ऐकते म्हणून," आशिरबाय म्हणाला. "मी नाही म्हणालो."

"म्हणाला होता. चुकला. पण या एकोणीस मिनिटांत वरचं तळं फुटलं तर खाली भोंगा वाजणार नाही. तुमची झायना पुलापासून तिसऱ्या घरात राहते."

त्याने वाटी उचलली, परत ठेवली. मुलीचं नाव त्याला लागलं होतं. पण त्याने विचारलं ते वेगळंच.

"तुझ्या त्या पाटीत काय काय लिहिलंय?"

"किती वाजता झाकली, किती वाजता काढली."

"रोजचं?"

"रोजचं."

"म्हणजे जूनमध्ये अकरा आणि आता एकोणीस."

मिनिटं त्याने न विचारता सांगितली. मोजणीला किती वेळ लागतो हे मोजणाऱ्याला माहीत असतं. बुरुलचाला तेव्हा प्रथम नीट उमगलं की तिच्या हातात काय आहे. पेटीने एक शब्द ऐकला नव्हता, पण बादली किती वेळ होती त्यावरून मेंढ्या किती होत्या हे कोणालाही काढता आलं असतं. कालमुरातला तर पाटीची एक नजर पुरली असती. चुगली आशिरबायच्या बादलीने केली होती.

"मग काय करणार तू?" त्याने विचारलं. "नोंद दाखवलीस तर तू सुटतेस, मी बुडतो. आणि सगळं कुरण म्हणेल, बघा, पेटी ऐकतच होती. न दाखवावी तर किल्ली जाते तुझी."

"तुम्ही सभेला या. स्वतः सांगा की झाकत होतो. एवढंच."

"आणि का झाकत होतो ते?"

"ते मी विचारणार नाही."

"कालमुरात विचारेल."

"विचारेल."

"आणि मी उभा राहिलो की तू पाटी पुढे सरकवशील." तो हसला नाही. "दगडाआड बसून मेंढ्या मोजणारी बाई काहीही करू शकते, सुनबाई. चहा निवला तुझा."

शनिवारी शाळेच्या मोठ्या खोलीत साठेक माणसं होती. टेबलामागे कालमुरात, जो गावाचा कारभारीही आहे आणि कुरण समितीचा अध्यक्षही. लोकरी टोपी, चष्मा दोरीला बांधलेला. शेजारी एलामान. त्याच्यापुढे एक जादा पेटी आणि एक मापायचं यंत्र. आशिरबाय दाराजवळ उभा होता. तो आला होता हे बुरुलचाने पाहिलं. तो बसला नव्हता हेही पाहिलं.

एलामानने आकडे वाचले. दहा पेट्यांचे चांगले, सात नंबरचे वाईट. मग तो म्हणाला, "यातून एकच निघतं. पेटीत जी बॅटरी होती ती मी पाठवलेली नव्हती."

"चोरी म्हणा की सरळ," बुरुलचा म्हणाली.

"एजे, मी चोरी म्हटलेलं नाही."

"म्हटलं नाहीत. पण किल्ली आणायला सांगितलीत."

"तिचा भाऊ आलाय का? दिवा घेऊन?" मागून कोणीतरी म्हणालं. थोडे हसले.

बुरुलचाने पिशवीतून शाळेच्या स्वयंपाकघरातली बादली काढली आणि टेबलावर ठेवली. "ही पेटी चालू करा आणि वर ही घाला."

एलामानला हे आवडलं नाही, पण त्याने केलं. यंत्रावर हिरव्या रेघेसारखा पडून राहिलेला आकडा पहिल्या मिनिटात उडाला. पेटी हाका मारत होती. आठ. थांबली. पुन्हा आठ. थांबत होती तेव्हाही आकडा खाली येत नव्हता. एलामान खुर्चीत पुढे सरकला.

"रोज असं होत होतं?"

"रोज. पंधरा महिने जायचे ते चार महिन्यांत जातात का, तुम्हीच बघा."

त्याने कागदावर भागाकार केला. दुसऱ्यांदा केला. "जातात," तो म्हणाला. खोलीत कुजबूज झाली. मग त्याने साहजिकच विचारलं, "कोण झाकत होतं?"

बुरुलचाने ठरवलं होतं की नाव घ्यायचं नाही. तिने दाराकडे पाहिलंही नाही. "नाव नाही घेऊ शकत मी," ती म्हणाली.

आणि खोली एकदम शांत झाली. तिला काय म्हणायचं होतं ते वेगळं. खोलीने ऐकलं ते वेगळं. कालमुरातने चष्मा डोळ्यांवरून खाली सोडला.

"घेऊ शकत नाहीस," तो म्हणाला. "घेणार नाहीस असं नाही. घेऊ शकत नाहीस. म्हणजे थोरला दीर."

ती काही बोलायच्या आत मागची माणसं बोटं मोजायला लागली होती. सात नंबरजवळ तिचे तीन थोरले. घोडेवाल्याचं कंबरेचं हाड मोडलंय, तो मे महिन्यापासून पलंगावर. लोहाराने मेंढ्या दोन वर्षांपूर्वीच विकल्या. साठ माणसांच्या माना दाराकडे वळल्या.

आशिरबायने बुरुलचाकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ एकच होता: तू हे मुद्दाम केलंस.

"मी झाकत होतो," तो म्हणाला. "गारांसाठी."

"रोज गारा?" कालमुरात म्हणाला.

"सरकारी वस्तू आहे. फुटली तर माझ्याच नावावर येणार."

"एवढी काळजी घेतोस सरकारची, आम्हाला ठाऊकच नव्हतं." हशा झाला. कालमुरात हसला नाही. तो बुरुलचाकडे वळला आणि अगदी सहज, तारीख विचारावी तसं त्याने विचारलं, "रोज किती वेळ झाकायचा गं?"

टॅब तिच्या मांडीवरच्या पिशवीत होता. आशिरबायने दाराची चौकट धरली.

"ते पेटी लिहून ठेवत नाही," बुरुलचा म्हणाली.

एलामानने मान वर केली. पेटी काय लिहून ठेवते हे या जगात नीट माहीत असलेला माणूस तो. पेटीला सगळं शिकवलं होतं त्याने. तो तिच्याकडे तीन-चार क्षण बघत राहिला. मग त्याने यंत्र बंद केलं, बादली उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाला, "किल्ली एजेंकडेच राहू दे. बॅटरीबद्दल मी जे बोललो ते मागे घेतो."

कालमुरातने ते वहीत लिहून घेतलं. नळावरच्या बायकांनी ऐकलं. सभा सुटली. बुरुलचा बाहेर आली तेव्हा एलामान गाडीपाशी उभा होता.

"एजे, पेटी लिहून ठेवते. मिनिटासकट."

"माहीत आहे."

"मग तसं का सांगितलंत?"

"तुम्हीच शिकवलंत ना? लागेल तेवढंच बोलायचं. बाकीचं पोटात."

"ते पेटीला." तो हसला, पण त्याचे डोळे हसले नाहीत. "ती आठ आठवड्यांची नोंद मला द्या. कामाला येईल."

"नवी बॅटरी घातली तेव्हा पुसली गेली."

ती पुसली जात नाही. दोघांनाही ते माहीत होतं. एलामानने गाडीचं दार उघडलं, परत लावलं. आत्ता, खोलीत, त्याने तिला सगळ्यांसमोर निर्दोष म्हटलं होतं. आता तो तिच्याकडे मंगळवारी फोनवर बोलत होता तसाच बघत होता, किंबहुना जरा जास्तच. बादलीचा खेळ तिने आधीच बसवून ठेवला असेल तर? दीर आणि भावजय मिळून? तो हे बोलला नाही. "ठीक आहे," एवढंच म्हणाला आणि गेला.

सोमवारी सकाळी बुरुलचाच्या उंबऱ्यावर सुकवलेल्या दह्याच्या गोळ्यांची, कुरुतची, एक पिशवी होती. चांगली आठ किलो. ती कोणाची हे विचारायची गरज नव्हती, आणि कशासाठी हेही. तिने ती त्याच दिवशी घोड्यावर टाकून वर नेली.

"कमी पडली का?" आशिरबायने विचारलं.

"मला काही नकोय, आके. बादली घालू नका, एवढंच."

"नको म्हणणारं माणूस पुढे जास्त मागतं," तो म्हणाला, पण पिशवी परत घेतली. संध्याकाळी तो आता फाटकाशी उभा राहून खिशातले खडे एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकतो. दर वीस मेंढ्यांना एक. ओठसुद्धा हलवत नाही. दोन वेळा मोजणी चुकली आणि पहाटे त्याला आठ मेंढ्या डोंगरावर शोधत फिरावं लागलं. कानिशायने हे लोहाराच्या बायकोला सांगितलं, आणि सांगताना सवयीने खांबापासून दूर नेऊन सांगितलं.

बारा ऑगस्टला बुरुलचाच्या टॅबवर सात नंबरचा बॅटरीचा आकडा पुन्हा घसरलेला दिसला. सव्वीस दिवसांत एवढा खाली जायचं काही कारण नव्हतं. ती वर गेली, वायर लावली. हाकांना उत्तर येत होतं, बादलीची खूण नव्हती. नोंदीच्या शेवटी मात्र एक नवी ओळ होती. तेवीस जुलैपासून या एका पेटीला शहरातून हुकूम आला होता: दिवसाचा एक आकडा पुरे नाही, मिनिटामिनिटाचं सगळं पाठव. दर दोन मिनिटांनी. ती झोपतच नव्हती म्हटलं तरी चालेल. तिच्या खालच्या सहा पेट्याही ते सगळं पुढे ढकलता ढकलता दमत होत्या.

तिने एलामानला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर त्याने घेतला.

"हंगाम निघायचा नाही या बॅटरीवर," ती म्हणाली. "ऑगस्टच्या शेवटी बर्फ वितळून तळं काठोकाठ भरतं तेव्हाच जाईल."

"मी नवी पाठवतो, एजे. पुन्हा जाईल तर पुन्हा पाठवतो. तोवर सगळं दिसत राहू दे मला."

"काय दिसायचंय तुम्हाला?"

"काही नाही. नुसतं दिसत राहू दे."

तिने फोन खिशात घातला. आशिरबाय वाड्याकडून येत होता. खांबापासून दहा पावलांवर तो थांबला. हल्ली तो तिथूनच बोलतो.

"आता काय झालं? बादली दुधाने भरलेली आहे, जाऊन बघ हवं तर."

"तुमची चूक नाही, आके. ती हल्ली जास्त बोलते."

आशिरबायने पेटीकडे पाहिलं, मग तिच्या गळ्यातल्या किल्लीकडे.

"कोणाबद्दल?" त्याने विचारलं.